गुडघ्याला बाशिंग

अंगावर बांधायचे फिजिओथेरपी उपकरण म्हणजे, सोप्या भाषेत, दुखऱ्या सांध्याभोवती गुंडाळायचा पट्टा होय. या पट्ट्याच्या पोटात नखाएवढे संवेदक बसवलेले असतात. त्यांतला एक प्रवेग मोजतो, दुसरा वळण मोजतो, आणि दोघांच्या संगनमताने गुडघा किती अंशांत वाकला, किती वेळा वाकला आणि नेमून दिलेल्या वीस खेपांपैकी किती खेपा रुग्णाने परस्पर गिळल्या, याची चहाडी मोबाइलकडे केली जाते. मराठी भाषेला गुडघ्याला बांधण्याची वस्तू परंपरेने एकच ठाऊक आहे, ती म्हणजे उतावळ्या नवऱ्याचे बाशिंग. आणि असे उपकरण घडवणाऱ्या तरुण अभियंत्यांची मनःस्थिती जवळून पाहिली, तर ही म्हण त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती की काय, अशी शंका येते. नमुना हाती आला, दिवा लुकलुकला, मोबाइलवर हिरवी रेघ हलली, की आता फक्त अक्षता पडायच्या उरल्या, अशी त्यांची खात्री होते. अक्षतांच्या आधी मात्र एक विधी असतो आणि त्याला ‘तज्ज्ञांचे अभिप्राय गोळा करणे’ असे भारदस्त नाव आहे.

हा विधी हौसेचा नाही. भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी उपकरणांचे जोखमीनुसार चार वर्ग पाडले आहेत आणि वर्ग जसा वरचा, तसा कागदांचा गठ्ठा जाड होत जातो. शिवाय आयईसी ६२३६६ या आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा अशी, की वापरणाऱ्याच्या हातून काय काय चुकू शकते हे उपकरण घडत असतानाच पाहावे आणि घडून झाल्यावर पुन्हा एकदा पाहावे. मुंबईच्या आयआयटीत २०१४ साली सुरू झालेल्या ‘बेटिक’ या केंद्राने तर अभियंत्यांना आधी डॉक्टरांसमोर बसवून त्यांची अडचण काय आहे ते ऐकायला लावण्याची रीत पाडली. रीत उत्तम आहे. फक्त तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की तज्ज्ञ कोणाला म्हणावे हे आधीपासून सर्वांना ठाऊक असते. हे गृहीतक मुंबईत काही काळ तग धरू शकते. बुऱ्हाणपुरात ते पहिल्या चहाबरोबर विरघळते.

विवेचनाच्या सोयीसाठी असा एक पट्टा कल्पावा आणि तो अभिप्रायार्थ बुऱ्हाणपुरास न्यावा. तापीच्या काठी फारुकी सुलतानांनी वसवलेले, पुढे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे झालेले आणि २००३ पासून मध्य प्रदेशातील स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्यालय असलेले हे शहर या कामासाठी दोन कारणांनी आदर्श आहे. पहिले कारण असे, की येथे गुडघ्यांना काम आहे: शहरात यंत्रमागांवर माणसे पाळीभर उभी असतात आणि शहराबाहेर केळीच्या बागांत घड खांद्यावर घेऊन सरीवरंब्यांतून चालत असतात. दुसरे कारण असे, की येथे गुडघ्यावर मत देण्याचा अधिकार एका शास्त्राकडे नाही. गावात युनानी वैद्यक शिकवणारे सैफिया हमीदिया तिब्बिया महाविद्यालय आहे, पंडित शिवनाथ शास्त्री यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि ॲलोपॅथीचे दवाखाने अर्थातच आहेत. म्हणजे एकाच गुडघ्याकडे पाहण्याच्या तीन शास्त्रोक्त पद्धती रिक्षाच्या एका फेरीत पदरात पडतात. मालिश करणारे पहिलवान, रुग्णाचे मेहुणे आणि शेजारच्या काकू यांचा हिशेब वेगळा.

प्रत्यक्ष अभिप्रायांचे स्वरूप पाहू लागल्यावर प्रथमच लक्षात येते, की तज्ज्ञ उपकरणाविषयी फारसे बोलत नाही. तो स्वतःच्या शास्त्राविषयी बोलतो आणि उपकरण हे त्याला मिळालेले निमित्त असते. अस्थितज्ज्ञ पट्टा हातात घेतो, उलटा करतो, खाली ठेवतो आणि “एक्स-रे आणलाय का?” असे विचारतो. पट्ट्याचा एक्स-रे नसतो हे कळल्यावर त्याचा रस निम्म्याने कमी होतो. फिजिओथेरपिस्ट मात्र पट्ट्याकडे न पाहता तो बांधलेल्या माणसाकडे पाहते आणि दोन मिनिटांत सांगते, की गुडघा वाकतो आहे असे यंत्राला वाटत असले तरी प्रत्यक्षात माणूस कंबर उचलून यंत्राला फसवतो आहे. ही फसवणूक तिला रोजची असते. ती गोनिओमीटर काढते. सांध्याचा कोन मोजण्याचे हे साधन म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडाव्यात, इतकेच असते. त्याने कोन मोजून ती पट्ट्याच्या आकड्यातला फरक दाखवते. अभियंता तो फरक वहीत ‘सूचना’ या रकान्यात लिहितो. खरे तर ‘पराभव’ असा रकाना वहीत आखलेला नसतो.

वैद्यांकडे गेल्यावर चर्चा अधिक जुनी आणि अधिक उबदार होते. आयुर्वेदात जानुबस्ती नावाचा उपचार आहे: उडदाच्या पिठाची कणीक मळून तिचे कडे करतात, ते गुडघ्याभोवती चिकटवतात आणि त्या आळ्यात कोमट तेल ओतून ठरावीक वेळ राखतात. अंगावर धारण करायचे उपचार-उपकरण अशी जी व्याख्या आरंभी केली, तिच्यात हे कडे जवळजवळ बसते. ते रुग्णाच्या मापाचे असते, त्याला बॅटरी लागत नाही, आणि काम झाल्यावर त्याची विल्हेवाट कशी लावावी याबद्दल पर्यावरण खात्याला पत्र लिहावे लागत नाही. वैद्य हे सर्व शांतपणे सांगतात आणि शेवटी विचारतात, की या पट्ट्यात तेल कुठून ओतायचे. हकीमसाहेबांचा प्रश्न याहून खोल असतो. युनानी वैद्यकात सांधेदुखीला ‘वजउल मफासिल’ म्हणतात आणि तिचा विचार रुग्णाच्या मिजाजाला, म्हणजे दम, बलगम, सफरा आणि सौदा या चार द्रव्यांच्या तोलाने ठरणाऱ्या प्रकृतीला, सोडून करता येत नाही. तेव्हा हा पट्टा थंड मिजाजाच्या माणसाला आणि गरम मिजाजाच्या माणसाला एकच व्यायाम सांगतो की काय, असे ते विचारतात. आणि सांगतो, हे उत्तर ऐकून ज्या सौम्य करुणेने पाहतात, ती कोणत्याही प्रश्नावलीत नोंदवता येत नाही. गंमत अशी, की दर रुग्णाला वेगळा व्यायाम हवा ही त्यांची मागणी आजच्या अभियांत्रिकीच्या भाषेत ‘वैयक्तिकीकरण’ या नावाने सादर केली, तर तिला अनुदान मिळू शकते.

पहिलवान पट्टा बांधून घेत नाही. तो दोन बोटांनी गुडघ्याची वाटी हलवून पाहतो आणि “वाटी सरकली आहे” असा निर्णय देतो. तो कोणाच्याही बाबतीत याहून वेगळा निर्णय देत असल्याचे निरीक्षण नाही.

बुऱ्हाणपुरातील प्रत्येक मुलाखतीत विसाव्या मिनिटाच्या आसपास मुमताज महल येते, याचीही नोंद येथे करणे भाग आहे. शाहजहानची ही बेगम १७ जून १६३१ रोजी याच गावी चौदाव्या बाळंतपणात वारली, तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले आणि मग तिला आग्र्यास नेले. त्यामुळे ‘ताजमहाल खरे तर इथेच व्हायचा होता’ हे वाक्य येथे पाहुण्याला पाण्याच्या पेल्याबरोबर दिले जाते. शाही किल्ल्यातील हमामखान्यात गरम आणि थंड पाण्याची सोय होती, तेव्हा जलोपचार गावाला नवा नाही, हेही ओघाने येते. प्रश्नावलीत अशा मजकुरासाठी ‘इतर’ नावाचा रकाना असतो. तो दोन ओळींचा असतो.

प्रश्नावलीचा खरा कस लागतो तो दुखण्याच्या प्रश्नाशी. वैद्यकात वेदना मोजण्यासाठी शून्य ते दहा अशी मोजपट्टी वापरतात. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे कल्पनेपलीकडची. मराठी माणसाला ही मोजपट्टी दिली म्हणजे तो प्रथम तिच्याकडे आणि मग विचारणाऱ्याकडे संशयाने पाहतो, कारण त्याच्याकडे दुखण्याचे प्रमाण नसते, दुखण्याच्या जाती असतात. गुडघा दुखतो ही एक गोष्ट, ठणकतो ही दुसरी. त्यात कळ येते, चमक निघते, तो आखडतो, भरून येतो, सलतो, ओढ लागते, मुंग्या येतात, आणि कधी कधी नुसताच ‘बोलतो’. पायरी उतरताना येणारी चमक आणि पहाटे थंडीत होणारा ठणका यांना एकाच सहावर बसवणे त्याला अन्यायाचे वाटते. रोनाल्ड मेलझॅक या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली वेदनेची अठ्ठ्याहत्तर विशेषणे गटवार मांडून प्रश्नावली केली होती, ती या कारणासाठीच. बुऱ्हाणपुरात मात्र तीही अपुरी पडेल, कारण येथे एकाच घरात सासू मराठीत ठणकते, नवरा हिंदीत ‘टीस’ सांगतो आणि शेतावरचा गडी निमाडीत कण्हतो. अखेरीस प्रश्नकर्ता दमून “सहा लिहू का?” असे विचारतो आणि रुग्ण त्याच्यावरच्या दयेने “लिहा” म्हणतो. शोधनिबंधांत सरासरी वेदना सहाच्या जवळपास का आढळते, याच्या अनेक कारणांपैकी हे एक असावे.

सौजन्य हा अभिप्रायाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, हे मत काहीसे कठोर वाटेल; पण त्याला गणिती पुरावा देता येतो. उपकरण वापरायला कितपत सोयीचे आहे हे मोजण्यासाठी जॉन ब्रूक यांनी १९८६ साली दहा विधानांची एक प्रश्नावली बनवली आणि ती जगभर वापरली जाते. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत हे एक ते पाच या अंकांत सांगायचे असते, आणि उत्तर देणाऱ्याने झोपेत खुणा करू नयेत म्हणून विधाने आळीपाळीने सुलट आणि उलट ठेवलेली असतात: एकात उपकरण वापरायला सोपे आहे असे म्हटलेले असते, तर दुसऱ्यात ते विनाकारण किचकट आहे असे. घरी आलेल्या माणसाला नाही कसे म्हणावे, या संस्कारात वाढलेले काका दोन्हींशी पूर्ण सहमत होतात. सोपे आहे? “हो, हो, अगदी.” किचकट आहे? “तेही आहेच.” दहाही ठिकाणी पाच. आता या प्रश्नावलीचा हिशेब असा, की सुलट विधानाच्या अंकातून एक वजा करायचा, उलट विधानाचा अंक पाचातून वजा करायचा, आणि सर्वांच्या बेरजेला अडीचने गुणायचे; त्यानुसार काकांचे सौजन्य शंभरपैकी बरोबर पन्नास भरते. म्हणजे निखळ आदरातिथ्याचा गुणांक पन्नास आहे. उपकरणाला याहून किती अधिक मिळाले, तेवढेच त्याचे स्वतःचे.

यातूनच ‘चांगलं आहे’ या शब्दप्रयोगाचा अभ्यास आवश्यक ठरतो. ‘चांगलं आहे’ एवढेच म्हणून माणूस थांबला, तर त्याला उठायचे आहे. ‘चांगलं आहे, बघू’ म्हणाला, तर तो पुन्हा भेटणार नाही. ‘चांगलं आहे, कितीला पडतं?’ या उत्तरात प्रथमच थोडी आशा असते. आणि ‘चांगलं आहे, पण...’ असे म्हणून त्याने पट्टा पुन्हा हातात घेतला, तर अभियंत्याने चहा सांगावा, मोबाइल खिशात घालावा आणि वही उघडावी, कारण त्या ‘पण’नंतर जे येते त्यासाठीच एवढा प्रवास केलेला असतो. उपयोगसुलभतेच्या क्षेत्रात मान्यता पावलेला एक ठोकताळा असा, की पाच माणसांकडून वापरून घेतले तरी बहुतेक ठळक दोष उघडे पडतात. बुऱ्हाणपुरात पाच माणसे बोलावली की पंधरा येतात, आणि दोष त्या दहा न बोलावलेल्यांना दिसतात.

तज्ज्ञांनी एकमेकांच्या भिडेने मत बदलू नये, यासाठीही शास्त्राने उपाय शोधलेला आहे. त्याला डेल्फी पद्धत म्हणतात: तज्ज्ञांना एकत्र न बसवता प्रत्येकाकडून लेखी मत घ्यायचे, कोणाचे कोणते ते न सांगता सर्वांना कळवायचे, आणि मतैक्य होईपर्यंत फेऱ्या करायच्या. अमेरिकेतील रँड या संस्थेत ओलाफ हेल्मर आणि नॉर्मन डाल्की यांनी ती रूढ केली, आणि तिच्या पहिल्या गाजलेल्या प्रयोगात सात तज्ज्ञांना विचारलेला प्रश्न असा होता, की अमेरिकेचे युद्धसाहित्याचे उत्पादन ठरावीक प्रमाणात घटवायला शत्रूला किती अणुबॉम्ब लागतील. जी पद्धत अणुबॉम्बची संख्या ठरवायला जन्मली, तिने आज गुडघ्याच्या पट्ट्याची रुंदी ठरवली जाते, ही मानवजातीची प्रगतीच म्हटली पाहिजे. बुऱ्हाणपुरात तिचा एक अडसर आहे. निनावी मताचे पहिले वाक्य वाचताच प्रत्येक तज्ज्ञ ते कोणाचे आहे हे सांगू शकतो, आणि दुसऱ्या फेरीचे उत्तर उपकरणाला न देता त्या माणसाला देतो.

या सर्व अभिप्रायांचा निष्कर्ष शून्य निघतो, असे मात्र मुळीच नाही. तो निघतो, फक्त जेथे विचारले तेथे निघत नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जयपूरचे आहे. पाश्चात्त्य बनावटीचा कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी घडवलेला होता. तो लावून शेतात अनवाणी चालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, आणि म्हणून रुग्ण तो नेत व कोपऱ्यात ठेवत. सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थितज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे न शिकलेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा जो ‘जयपूर फूट’ घडवला, त्यामागे हे कोपऱ्यात पडलेले पाय होते. वापरणे सोडून देणे हा लेखी अभिप्राय नव्हे, परंतु त्याचा अर्थ लावायला दुभाषा लागत नाही.

कल्पिलेल्या पट्ट्यालाही असाच प्रसंग येतो. परदेशी पुस्तके वाचून अभियंत्याने एकशेवीस अंशांना ‘धोका’ ठरवलेला असतो आणि त्यापुढे गुडघा वाकला की पट्टा किंचाळतो. आता मांडी घालून जेवणारा, उकिडवे बसून केळीचे मुनवे लावणारा आणि नमाजात गुडघे पुरते दुमडून बसणारा माणूस एकशेवीस अंशांच्या अलीकडे राहून दिवस कसा काढणार? पट्टा जेवणात किंचाळतो, बागेत किंचाळतो, आणि भर नमाजात तो किंचाळला की मालक तो सोडून चपलांजवळ ठेवतो. मोबाइलवरच्या नोंदीत त्यानंतरचा गुडघा पूर्ण स्थिर दिसतो आणि ‘धोका टळला’ असा हिरवा संदेश येतो.

यंत्रमागाच्या खोलीत तर पट्ट्याची सर्व विद्या एकदमच संपते. तेथे शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाला तोंड लावावे लागते. त्यामुळे पट्ट्याची शिटी ऐकू येण्याचा प्रश्नच नसतो. शिटीऐवजी कंपन द्यावे, तर जमीनच कंप पावत असते, आणि प्रवेग मोजणारा संवेदक इमानाने ती थरथरही नोंदवून उभ्या माणसाने दिवसभरात काही हजार वेळा व्यायाम केल्याचे कळवतो. त्यातही खरा घात वेल्क्रोचा होतो. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला कुत्र्याच्या केसांत अडकलेली रानातली काटेरी बोंडे पाहून सुचलेली ही वस्तू म्हणजे एका बाजूला बारीक आकडे आणि दुसऱ्या बाजूला मऊ फासे; आकडे फाशांत अडकतात म्हणून पट्टा धरून राहतो. मागाच्या खोलीत हवेत कापसाचे तूस तरंगत असते. ते आकड्यांत बसते, आणि एकदा बसले की निघत नाही. चार-सहा दिवसांत आकड्यांवर पांढरी मऊ साय धरते आणि पट्टा अदबीने घसरून घोट्याशी येतो. केळीच्या बागेत गत याहून वाईट: घड कापताना गळणारा चीक कापडावर पडला, की वाळून काळपट तपकिरी होतो आणि तो डाग कापड फाटेपर्यंत साथ देतो. रुग्णालयाची स्वच्छता सुचवावी म्हणून पट्ट्याला पांढरा रंग दिलेला असतो.

तूस आणि चीक यांबद्दल एकाही प्रश्नावलीत प्रश्न नसतो. ही माहिती मिळते ती शिंप्याकडून, कारण सैल झालेला पट्टा दुरुस्तीला त्याच्याकडे येतो. तो वेल्क्रो उसवतो, काजे करतो, दोन बटणे लावतो, वरून नाडी ओवून देतो, आणि पैसे मोजता मोजता “पांढरं कशाला घेतलं, साहेब, खाकी घ्यायचं” असे म्हणतो. उपयोगसुलभतेच्या शास्त्रात ज्याला ‘घडणीच्या काळातले मूल्यमापन’ म्हणतात ते तेथे, शिवणयंत्राच्या टेबलाशी, पार पडलेले असते. पण शिंप्याच्या नावापुढे पदवी नसल्यामुळे अहवालाच्या आभारांत ‘स्थानिक सहकार्य’ एवढाच उल्लेख होतो.

एका तज्ज्ञतेचा तर कोणाला पत्ताच लागत नाही. अशा पट्ट्यांची पुढची पिढी कापडातच विजेचे मार्ग विणते आणि त्यासाठी चांदीचा मुलामा दिलेला धागा वापरते. स्नायूंतले सूक्ष्म विद्युतसंकेत त्याच धाग्याने टिपले जातात. रेशमाच्या धाग्याभोवती चांदी-सोन्याची बारीक तार गुंडाळून कलाबत्तू करण्याची आणि त्यासाठी तार ओढण्याची विद्या बुऱ्हाणपुरात मोगलकाळापासून नांदली आणि येथले जरीचे कापड दूरदूर गेले. चांदीची तार घामाने कशी काळवंडते, कुठे मोडते, धुतल्यावर किती टिकते, हे ज्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले त्यांच्या गल्लीवरून अभियंता रिक्षाने जातो, आणि धाग्याचा नमुना परदेशातून मागवतो. गावाबाहेर सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून कुंडीमागून कुंडी वाहत आणणारा, १६१५ सालचा कुंडी भंडारा आहे. तोही पाहायचा राहून जातो, कारण गाडीची वेळ झालेली असते.

चौथ्या नमुन्याच्या वेळी पट्टा खाकी असतो, त्याला बटणे व नाडी असते, शिटी काढलेली असते आणि धोक्याची मर्यादा रुग्णागणिक बदलता येते. तो महिनाभर वापरलेल्या यंत्रमाग कामगाराकडे शेवटचा अभिप्राय घ्यायला गेले असता, तो भाऊ आधी चहा सांगतो, मग पट्टा सोडतो, घडी घालतो आणि बराच वेळ हातातच धरून ठेवतो. आराम पडला का? पडला. व्यायाम केले का? जमेल तसे. मोबाइलवरचे आकडे पाहिले का? मोबाइल मुलगा नेतो. आणखी काही सुचवायचे आहे का, या अखेरच्या प्रश्नावर तो जरा संकोचतो, पट्ट्याच्या आतली ती टणक डबी अंगठ्याने चाचपतो आणि म्हणतो, “साहेब, हे मशीन काढून नेलं तरी चालेल. पट्टा तेवढा राहू द्या. रात्रपाळीला ऊब राहते.”